फ्रेमवाल्या वहिनींचं अर्धं शटर

कुजबूज अशी होती, की भर दुपारी फ्रेमवाल्या वहिनींच्या दुकानाचं शटर अर्धं खाली येतं आणि त्या अर्ध्या शटरखालून पंपवाले वाकून आत शिरतात.

यातलं शटर सोडा, पंपवाले वाकले हीच खरी बातमी होती. दाराच्या चौकटीएवढा उंच माणूस. जन्मभर पाण्याच्या मोटारींशेजारी उभं राहून बोलल्यामुळे आवाज असा, की कानात सांगितलेली गोष्ट पुढच्या चौकात ऐकू जावी. हा माणूस डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, गुडघ्यात मोडतो आणि आत गडप होतो. बराच वेळ काही नाही. मग शटरखालून त्याच चपला, तेच गुडघे, आणि वर आलेला चेहरा लालबुंद. आता लोकांनी काय समजायचं? समोरच्या इस्त्रीवालीनं एका बाईला सांगितलं, त्या बाईनं "मी नाही हो कुणाकडे बोलत" असं म्हणत सगळ्या आळीला सांगितलं, आणि लवकरच वहिनी रस्त्यानं निघाल्या की जिथंतिथं बोलणं थांबायला लागलं. आपण आल्यावर बोलणं थांबलं, की समजावं, विषय आपलाच होता.

बरं, दोघंही काही कोवळी नव्हेत. वहिनींचे गुडघे दुखायचे, पंपवाल्यांची बायको वारून घरात सून आलेली. पण कुजबूज काही वयाचा दाखला मागत नाही. त्यातून ही दोघं नगरसभेत समोरासमोरच्या बाकांवर बसणारी. निवडणुकीच्या चिन्हांवरून आमच्याकडे आघाड्यांची नावं पडली होती, वहिनी किटलीवाल्या आणि पंपवाले शिडीवाले. निवडणूक तोंडावर आलेली. दोन्ही आघाड्यांनी आपापल्या माणसांना दम दिलेला, समोरच्याबरोबर कुणी दिसलं तर उमेदवारी विसरायची. आणि ही दोघं अर्ध्या शटरमागे!

"आणि वहिनींचे यजमान? ते कुठं असतात तेव्हा?"

"अगं, तीच तर गंमत. बाहेर स्टुलावर बसलेले असतात. राखण करत!"

हे ऐकल्यावर ऐकणारी बाई तोंडावर पदर घ्यायची. पदर नसला तर पिशवी.

वहिनींच्या यजमानांना सगळे हळूभाऊ म्हणत. दुकानात काच कापायचं काम त्यांचं. मोठी काच दोन्ही हातांत धरून रस्ता ओलांडताना ते स्वतःशीच "हळू, हळू" म्हणायचे, त्यावरून पडलेलं नाव. पुढे ते चहा पितानाही तसेच दिसायला लागले. त्यांच्याबरोबर संसार करायचा, तर घरात कुणीतरी मोठ्यानं बोलणारं हवं, ते काम वहिनींनी आनंदानं केलं. दुकानात पट्ट्यांचे कोपरे भिंतीवर टांगलेले, सरसाचा वास, पायाखाली लाकडाचा भुसा. गावातली लग्नं, पदव्या आणि मयतं आधी वहिनींच्या टेबलावर यायची. लग्नाचा फोटो फ्रेम होऊन पडलाय आणि न्यायला कुणी येत नाही, यावरून त्या घरात काय चाललंय ते वहिनी ओळखायच्या. तोंडानं बोलायच्या नाहीत, एवढाच त्यांचा दोष. माझ्यासारख्याचं त्यामुळे फार नुकसान झालं.

पण नगरसभेत त्या बोलायच्या. तिथं बोलणं हे त्यांचं कामच होतं, निदान त्यांची पाळी असायची तेव्हा.

आमच्या नगरसभेत एक जुनी रीत आहे. फार पूर्वी सगळ्या सभासदांनी एकमतानं, टाळ्या वाजवून, टेकडीवर पाण्याचा हौद बांधला. देखणा हौद. पाणी तिथवर चढणार कसं, हे विचारायचं राहून गेलं, कारण एवढ्या आनंदात विचारणार कोण? त्या हौदात आज कबुतरं राहतात. तेव्हापासून ठरलं, की दर सभेला पाळीपाळीनं एक सभासद 'आडवा' होईल. ठराव स्वतःच्या आघाडीचा असो, स्वतःच्या मेव्हण्याचा असो, आडव्यानं उभं राहून त्यातली खोट सांगायची. ठराव मांडणाऱ्यानं ती खोट आपल्या तोंडानं उलटी सांगायची, म्हणजे आडव्याला परत ऐकवायची, आणि आडवा "हो, हेच" म्हणेपर्यंत उत्तर द्यायचं नाही. मग मतं. आडव्यालाही मत असतं, ते त्यानं कुठंही द्यावं.

बहुतेक सभासद आडवेपणाची पाळी उरकून टाकत. "रंग पिवळ्याऐवजी निळा हवा होता" एवढं म्हणायचे आणि बसायचे. वहिनींची पाळी आली की मात्र ऐकायला बाहेरची माणसं यायची. बागेतल्या बाकांना पाठ नाही, हे त्यांनीच काढलं. शाळेच्या नव्या इमारतीत वर्गांची दारं आतल्या बाजूला उघडतात, आग लागली तर पोरं दाराला चिकटून मरतील, हेही त्यांनीच. तो ठराव त्यांच्याच किटलीवाल्यांचा होता. पुढारी तेव्हा इतके चिडले, की घरच्या सगळ्या फ्रेमा दुसऱ्या गावाहून करून आणल्या. त्या वाकड्या निघाल्या, ते असो. आणि वहिनींच्या आडवेपणाला सगळ्यांत जास्त वैतागणारा आणि सगळ्यांत जास्त वेळा "हो, हेच" मिळवणारा सभासद म्हणजे पंपवाले. ठराव आणायचे, वहिनी त्याची साल काढायच्या, पंपवाले घरी जाऊन तो दुरुस्त करून आणायचे. गावातले निम्मे चांगले ठराव असे भांडून झालेत. तेव्हा ते कुणाला भांडण वाटत नव्हतं. भांडणाऱ्यांनाही नाही.

मग एक निरोपसमारंभ झाला. नगरसभेचे म्हातारे चिटणीस निवृत्त झाले, त्यांचा. पंपवाले अंगात आल्यासारखे नकला करायला लागले. प्रत्येकाची नक्कल झाली, सगळे हसले. मग वहिनींची पाळी. पंपवाल्यांनी कमरेवर हात ठेवले, मान तिरकी केली आणि म्हणाले, "लग्नात हळूभाऊंनी विचारलं असेल, मी पसंत आहे का? तर वहिनी म्हणाल्या असतील, आधी त्यातली खोट सांगते!"

सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. वहिनीही हसल्या असत्या कदाचित. पण त्यांनी बाजूला पाहिलं, तर हळूभाऊ हसत होते. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

घरी जाताना वहिनी म्हणाल्या, "मजा आली ना?"

हळूभाऊ म्हणाले, "अगं, थट्टा ती."

"हो ना. मला कळते थट्टा. खोट काढणारी बाई. आता नाही काढणार."

पुढच्याच सभेत आडवेपणाची पाळी वहिनींची होती, आणि ठराव पंपवाल्यांचा. नगरदवाखान्याचं मागचं दार विटांनी बुजवून टाकावं. मागच्या गल्लीतून चोर शिरतात, औषधं नेतात, महिन्यापूर्वी तर त्यांनी एका नर्सला ढकललं आणि तिचा हात मोडला. ती नर्स म्हणजे पंपवाल्यांचीच सून, हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण पंपवाल्यांनी ते तोंडातून काढलं नाही. घरचं दुखणं सभेत आणायचं नाही, असा त्यांचा बाणा.

वहिनींना ठराव ऐकताक्षणी दिसलं. मागच्या गल्लीतल्या माणसाला रात्रीबेरात्री त्रास झाला, तर त्याला कापडबाजार ओलांडून, सगळ्या मोठ्या रस्त्याला वळसा घालून पुढच्या दाराशी न्यावं लागेल. वाक्य ओठांवर आलं होतं. त्या उभ्या राहिल्या. पंपवाल्यांनी सवयीनं पेन उघडलं. बाहेरची माणसं सरसावून बसली.

"माझं काही म्हणणं नाही," वहिनी म्हणाल्या आणि बसल्या.

अध्यक्षांनी नव्या चिटणिसांकडे पाहिलं. चिटणिसांनी नियम पाहिला. आडव्यानं उभं राहून बोलावं असं नियमात होतं. वहिनी उभ्या राहिल्या होत्या आणि बोलल्याही होत्या. मतं घेतली. एकमत! किती वर्षांनी! टाळ्या झाल्या. पंपवाल्यांनी उघडलेलं पेन बंद केलं आणि समोर पाहिलं. वहिनी छताच्या पंख्याकडे बघत होत्या. मनात काय होतं? पडू दे तोंडावर, एवढंच होतं. एक दिवस याच दारावरून गाव याला धरेल, तेव्हा कळेल खोट काढणारीची किंमत. रुसलेल्या बाईनं पोळी करपू द्यावी, तसा त्यांनी ठराव करपू दिला.

दार बुजलं. गिलावा झाला, पांढरा रंग लागला. त्यावर कुणीतरी शिडीचं पोस्टर चिकटवलं. दुसऱ्या दिवशी शेजारी किटलीचं.

आता वन्सं. हळूभाऊंची मोठी बहीण, म्हणजे वहिनींची नणंद. लग्न केलं नाही, टेलिफोन ऑफिसात नोकरी केली, आणि सगळ्या गावाचे नंबर जोडता जोडता सगळ्या गावाच्या भानगडी पाठ केल्या. मी स्वतःला या विषयातला जाणकार समजतो, पण वन्संपुढे मी शिकाऊ. एका दमात त्या तीन घरांचा इतिहास सांगायच्या, आणि मधे कुठं श्वास घ्यायच्या ते कळायचं नाही. दम्याचा आजार होता, म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी मुद्दाम मागच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या. म्हणायच्या, "दवाखाना ही माझी तिसरी खोली."

थंडीतल्या एका सकाळी त्यांचा श्वास कोंडला. शेजारच्या माणसांनी त्यांना खुर्चीत बसवलं, खुर्ची उचलली आणि धावत सुटले. कुठं? सवयीच्या वाटेनं, मागच्या दाराकडे. खुर्ची भिंतीसमोर येऊन थांबली. समोर शिडी आणि किटली. उचलणाऱ्यांतला एक जण नंतर सांगत होता, की क्षणभर त्यांना वाटलं आपण गल्लीच चुकलो. मग ते मागे फिरले. कापडबाजारात माल उतरत होता, मोठ्या रस्त्यावर गाड्या एकमेकींच्या पाठीला लागलेल्या. खुर्ची वाट काढत काढत पुढच्या दाराशी पोचली, तोवर वन्संचे ओठ निळे पडले होते.

त्या वाचल्या. पण दम परत आला तो अर्धाच. डॉक्टरांना वहिनींनी विचारलं, "लवकर आणलं असतं तर?"

डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही."

'हो' म्हणाले असते तर रडता आलं असतं. 'नाही' म्हणाले असते तर झोप लागली असती. 'सांगता येत नाही' घेऊन माणसानं कुठं जायचं?

आणि वर वन्संचा विश्वास. शेजारच्या खाटेवरच्या बाईला त्या सांगत होत्या, वाक्याचे तुकडे करत. "ही... माझी भावजय. सभेत... हिची पाळी होती. भांडली असणार... कडकडून. पण एकटी पडली. काय करील... बिचारी."

वहिनी मोसंबं सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"काय म्हणालीस गं... तू? सभेत?" वन्संनी विचारलं.

"काय म्हणणार," वहिनी म्हणाल्या. "खा तुम्ही."

ते मोसंबं त्यांनी इतकं सोललं, की खायला काही उरलं नाही.

वहिनी दुकानात हातोडी खाली ठेवायच्या आणि ती उचलायचं विसरायच्या. एका मयताच्या फोटोला सोनेरी नक्षीची फ्रेम लावली आणि एका बारशाच्या फोटोला काळी. हळूभाऊंनी दोन्ही निमूटपणे बदलल्या. शेवटी एका सकाळी वहिनी उठल्या आणि सरळ पंपवाल्यांच्या दुकानात गेल्या. निरोपसमारंभानंतर पहिल्यांदाच. मोटार चालू होती, त्यामुळे पहिली काही वाक्यं दोघांनाही ओरडून बोलावी लागली, आणि त्यातली चार रस्त्यानं ऐकली. गावाला पुरेशी होती ती.

"ते दार उघडायला हवं!"

"आत्ता आठवलं? तेव्हा तोंडाला कुलूप होतं का?"

"होतं!"

पंपवाल्यांनी मोटार बंद केली. "का, वहिनी?"

वहिनींनी सांगितलं. नक्कल, हळूभाऊंचं हसणं, पंखा, सगळं. पंपवाले चिंधीनं हात पुसत ऐकत होते. तेल निघेना.

"तुम्ही गप्प बसलात, तेव्हा मला काय वाटलं सांगू?" ते म्हणाले. "वाटलं, वहिनींनाही खोट सापडली नाही, म्हणजे ठराव पक्का. मी पुन्हा विचारच केला नाही. तुमच्या गप्प बसण्यावर भिंत बांधली मी."

"शिव्या द्या, भाऊजी. हे नका बोलू."

"शिव्या मीच मला देऊन संपल्यात. हळूभाऊंच्या बहिणीला खुर्चीतून नेताना मी पाहिलं. बाजारात होतो." त्यांनी चिंधी फेकली. "पण भिंत पडणार नाही. तेही सांगून ठेवतो."

एकमतानं झालेला ठराव परत आणायचा, तर तो मांडणारा आणि त्या दिवसाचा आडवा, दोघांनी मिळून आणावा लागतो, आणि काय बदललं ते दोघांनी भरसभेत सांगावं लागतं. म्हणजे पंपवाल्यांशिवाय गत्यंतर नाही. आणि पंपवाले हलायला तयार नाहीत. मग उरलं काय? भांडण. ते रस्त्यात करायचं, तर आघाड्यांची माणसं टपलेली. घरी करायचं, तर शेजार. तेव्हा हळूभाऊ म्हणाले, "दुपारी बाजार पेंगतो. दुकानात करा. शटर मी ओढतो."

असं ते शटर खाली आलं.

आत पहिल्या दिवशी काहीच झालं नाही, नुसता आवाज झाला. वहिनींचं म्हणणं, दार होतं तसं करा, गाडी जाईल एवढं रुंद, दिवसभर उघडं. पंपवाल्यांचं म्हणणं, वीटसुद्धा हलणार नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. मग पंपवाले म्हणाले, "आपण इथं आपली रीत का पाळत नाही? मी तुमचं म्हणणं उलटं सांगतो." आणि त्यांनी सांगितलं. खुर्ची, भिंत, पोस्टरं, निळे ओठ. सांगताना त्यांचा तो मोटारीचा आवाज इतका खाली आला, की बाहेर बसलेल्या हळूभाऊंनी मान वळवून पाहिलं.

"हो. हेच," वहिनी म्हणाल्या.

"आता माझं तुम्ही सांगा."

"तुमचं काय, चोर येतात. औषधं जातात."

"नाही. परत."

"तुमच्या सुनेचा हात मोडला."

"तो जुळला. परत."

वहिनी चिडल्या. "मग काय आहे तुमचं म्हणणं? स्पष्ट बोला की!"

"तुम्ही सांगायचंय, वहिनी. मी नाही."

त्या दिवशी वहिनींना सांगता आलं नाही. संध्याकाळी वन्संना बघायला दवाखान्यात गेल्या, तेव्हा त्यांनी पंपवाल्यांच्या सुनेला पाहिलं. नर्सचं टेबल मागच्या बाजूच्या बोळात होतं. सून लिहीत होती. तिनं खुर्ची अशी लावली होती, की पाठ भिंतीला आणि तोंड त्या बुजवलेल्या दाराकडे. उजेड डोळ्यांवर येत होता, लिहिताना मान अवघडत होती, तरी तशीच बसली होती.

दुसऱ्या दिवशी शटर खाली येताच वहिनी म्हणाल्या, "तुमची सून त्या दाराकडे पाठ करून बसू शकत नाही. भिंत असूनसुद्धा."

पंपवाल्यांनी हातातली रिकामी फ्रेम टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "हो. हेच."

तिथून पुढे काम सुरू झालं. काम म्हणजे भांडणच, पण आता ते इंचांवर आलं होतं. गाडीएवढं रुंद दार सुटलं, स्ट्रेचर आणि शेजारून चालणारा एक माणूस जाईल एवढं धरलं. दार बाहेरून उघडणार नाही, फक्त आतून. बाहेर घंटा, ती नर्सच्या टेबलावर वाजेल. पंपवाल्यांना पत्र्याचं बंद दार हवं होतं. वहिनी म्हणाल्या, बाहेर कोण आहे ते न बघता तुमची सून कशी उघडेल? मग चेहऱ्याच्या उंचीवर जाड, जाळीची काच. रोजच्या तपासणीला येणाऱ्यांनी मात्र पुढच्याच दारानं यायचं, यावर पंपवाले अडून बसले आणि वहिनींना ते सोडावं लागलं. सोडताना त्यांना कुणाचा चेहरा दिसला असेल, ते सांगायला नको.

मधे एकदा पंपवाल्यांनी चाळा म्हणून दोन पट्ट्या उचलल्या आणि त्यांचा कोपरा जुळवायला लागले. जुळेना.

"अहो, दोन्ही तिरक्या कापाव्या लागतात," वहिनी खेकसल्या. "एकटीच कापली तर बसत नाही." पंपवाल्यांनी पट्ट्या खाली ठेवल्या. असलं शहाणपण मधेच निघालं की धड भांडता येत नाही.

इकडे बाहेर कुजबूज बाळसं धरत होती. आता लक्षात घ्या, वहिनी एक वाक्य बोलल्या असत्या तर ती तिथंच मेली असती. "आम्ही दवाखान्याच्या दाराचं बोलतो." बस. पण त्याला लागून दुसरं वाक्य आलं असतं, आता का बोलता, तेव्हा सभेत काय बोललात? त्या दुसऱ्या वाक्याला वहिनी भ्यायल्या.

वन्सं बऱ्या होऊन घरी आल्या, आणि गावाची बातमी त्यांच्यापर्यंत पोचणार नाही असं होईल का? एक दिवस काठी टेकत दुकानात आल्या. हळूभाऊंना त्यांनी बाहेर पाठवलं.

"गाव... काय म्हणतंय... ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे, वन्सं."

"मग खरं... काय ते... सांग की. मी थोबाडं... फोडते एकेकाची."

वहिनींनी टेबलावरचा भुसा हातानं गोळा केला. पुन्हा पसरला.

"माझा भाऊ... भोळा आहे," वन्सं म्हणाल्या. थोडं थांबल्या. तो थांबा दम्याचा होता की उत्तराची वाट बघण्याचा, ते कळलं नाही. मग उठून गेल्या.

बाहेर स्टुलावर हळूभाऊ बसले होते. ते आत आले आणि पहिल्यांदाच बायकोला आडवे गेले. "अगं, मला लोक काय म्हणतात याचं मला काही नाही. शटर मीच ओढतो. पण तू तिला सांगितलं नाहीस. तुला बदनामी सोपी वाटली?"

"हो," वहिनी म्हणाल्या. "ती खोटी आहे ना. म्हणून सोसते."

सभेचा दिवस आला. दोघांच्या सह्यांचा ठराव वाचला गेला, तेव्हा दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. शिडीवाल्यांना वाटलं पंपवाले फुटले, किटलीवाल्यांना वाटलं वहिनी फुटल्या. बाहेरच्यांच्या बाकांवर तर जागा नव्हती. दाराचं ऐकायला कोण आलं होतं? सगळे शटरचं ऐकायला आलेले. पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून वन्सं.

पंपवाले आधी बोलले. घरचं दुखणं त्यांनी पहिल्यांदाच सभेत आणलं. सून दाराकडे पाठ करून बसू शकत नाही, हे त्यांनी तेव्हा सांगितलं नव्हतं, म्हणून भिंतीशिवाय दुसरा उपाय कुणी शोधला नाही, असं ते म्हणाले आणि बसले.

मग वहिनी उठल्या. नेहमी कमरेवर हात असायचे. आज त्या हातांना जागा सापडत नव्हती.

"त्या दिवशी मी आडवी होते," त्या म्हणाल्या. "ठराव वाचताच मला दिसलं होतं, की मागच्या गल्लीतलं आजारी माणूस अडकेल. दिसलं नाही असं नाही. पंपवाल्यांनी माझी नक्कल केली, त्याचा राग होता. त्यांची फजिती व्हावी म्हणून मी बोलले नाही. पुढं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. ज्यांचं झालं, त्या इथं बसल्यात."

या सभेचा आडवा, एक तरुण औषधविक्रेता, उठला आणि म्हणाला, घंटा वाजली आणि नर्स दुसऱ्या खोलीत असली तर? पंपवाल्यांनी ते उलटं सांगितलं. "हो, हेच." मग दुसरी घंटा पुढच्या टेबलावर बसवायची असं ठरलं. मतं पडली. ठराव कसाबसा पास झाला, दोन्ही आघाड्यांतले बरेच जण विरोधात गेले. टाळ्या झाल्या नाहीत. वहिनींनी समोर पाहिलं, तर पहिल्या रांगेतली जागा रिकामी होती.

त्या निवडणुकीत किटलीवाल्यांनी वहिनींना उभं केलं नाही. त्यांनी कारण विचारलं नाही, आणि कुणी सांगितलंही नाही. दाराची काच हळूभाऊंनी कापली, वहिनींनी बसवली. बसवताना सून आत उभी होती, ती म्हणाली, "थोडी खाली घ्या, काकू. पोरं घंटा वाजवून पळतील, ती दिसायला हवीत."

वन्सं कितीतरी दिवस दुकानाकडे फिरकल्या नाहीत. पण तपासणीला त्यांना पुढच्याच दारानं जावं लागे. तसं दोघांनी भांडून ठरवलं होतं. ती वाट दुकानावरून जाते. सुरुवातीला त्या पलीकडच्या बाजूनं जायच्या. दमायच्या, इस्त्रीवालीच्या पायरीवर टेकायच्या आणि समोर दुकानात कोण आहे ते न बघता पुढे जायच्या. वहिनी काउंटरमागून बघत राहायच्या. तो वळसा त्यांनीच दोनदा वन्संच्या वाट्याला आणला होता, एकदा गप्प बसून, एकदा तडजोड करून. दुसऱ्या वळशाबद्दल कुणी दोष दिला नाही. पण वन्संच्या धापेत दोन्ही सारखेच ऐकू यायचे.

हळूभाऊ रोज आपलं स्टूल बाहेर ठेवायचे, बसायचे मात्र नाहीत. एके दिवशी वन्सं रस्ता ओलांडून आल्या आणि त्यावर बसल्या. वहिनी पाणी घेऊन आल्या.

वन्सं पाणी प्यायल्या. पेला परत दिला नाही, हातातच धरला.

"मी... सगळ्यांना सांगत होते," त्या म्हणाल्या. "तू भांडलीस... म्हणून."

"हो, वन्सं."

"त्यापेक्षा... ते पंपवाल्याचं... खरं असतं... तर बरं होतं गं."

"हो, वन्सं."

मग वन्संनी पेला दिला आणि काठी टेकत दवाखान्याकडे निघाल्या. पुढच्या तपासणीला पुन्हा स्टुलावर बसल्या. त्याच्या पुढच्यालाही. बोलणं मात्र पूर्वीसारखं झालं नाही. एक तर दम नव्हता.

गावात अजूनही कुणी नवीन माणूस आला, की इस्त्रीवाली त्याला अर्ध्या शटरची गोष्ट सांगते. तर त्या शटरमागे काय चालायचं, ते असं. दवाखान्याचं मागचं दार किती रुंद असावं, यावर दोन सभासद भांडत असायचे. ते भांडण सभेत व्हायचं होतं. त्या दिवशी वहिनी बोलल्या नाहीत, म्हणून दुकानात करावं लागलं.